घरांच्या बातम्या करताना: मालमत्ता पत्रकारितेची संपादकीय शिस्त, पायरीपायरीने

मालमत्तेच्या बातमीत जो कोणी बोलतो, त्याचे त्या बातमीत काही ना काही अडकलेले असते. बिल्डरला घरे विकायची असतात, एजंटला दलाली हवी असते, बँकेला कर्ज खपवायचे असते. ज्याचे घर आहे त्याला भाव चढे हवेत, ज्याला घ्यायचे आहे त्याला उतरलेले. सरकारला किती घरे बांधली ते दाखवायचे असते. ज्या माध्यमात ही बातमी येणार, त्याला यातल्या निम्म्या लोकांकडून जाहिराती मिळतात. वाचक मात्र ती बातमी वाचून वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतो किंवा आयुष्यभराची बचत एका सहीवर देऊन टाकतो.

म्हणून या विषयाची सगळी शिस्त एका प्रश्नावर उभी राहते: हे कोण सांगते आहे, आणि लोकांनी ते खरे मानले तर त्याला काय मिळणार? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या आहेत. नव्या बातमीदारापासून पुरवणीच्या संपादकापर्यंत ज्यांना हे काम रोज करायचे आहे, त्यांच्यासाठी त्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: आधी आपले हितसंबंध मांडा

सुरुवात बिल्डरपासून करू नका, स्वतःच्या कार्यालयापासून करा. आयर्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे घरांच्या किमती शिगेला पोहोचत असताना, २००६ मध्ये, 'द आयरिश टाइम्स'ने 'मायहोम' हे घरविक्रीचे संकेतस्थळ सुमारे ५ कोटी युरोंना विकत घेतले. पुढे बाजार कोसळला, बँका बुडण्याच्या बेतात आल्या आणि २०१५ मध्ये संसदेच्या बँकिंग चौकशी समितीने वृत्तपत्रांच्या संपादकांना आणि व्यवस्थापकांना बोलावून घेतले. मालमत्तेच्या जाहिरातींच्या उत्पन्नाचा तुमच्या बातम्यांवर परिणाम झाला का, असे त्यांना विचारण्यात आले. उत्तर काय मिळाले यापेक्षा हा प्रश्न संसदेला विचारावासा वाटला, हे जास्त गंभीर आहे. वाचकाच्या मनातही तो असतोच, फक्त त्याला समिती नेमता येत नाही.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. जाहिरातींच्या बदल्यात कंपन्यांचे समभाग घेण्याचे करार माध्यमसमूहांनी केले होते. २०१० मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने त्याची दखल घेतली आणि प्रेस कौन्सिलशी चर्चा होऊन असा हिस्सा असलेल्या कंपनीबद्दलच्या बातमीतच तो जाहीर करण्याची अट आली. ही अट कायद्याच्या भीतीने पाळण्याची गोष्ट नाही. ज्या कंपनीत मालकांचे पैसे आहेत तिच्या गृहप्रकल्पाची बातमी छापताना एक ओळ जास्त लिहायला कितीशी जागा लागते?

प्रत्यक्षात काय करायचे? या विषयावर लिहिणाऱ्या, संपादन करणाऱ्या आणि मथळे देणाऱ्या प्रत्येकाची एक नोंदवही ठेवा. राहते घर सोडून कुठे मालमत्ता आहे, कुठे घर नोंदवले आहे, बांधकाम किंवा गृहकर्ज कंपन्यांचे शेअर्स आहेत का, घरातले कोणी या धंद्यात आहे का, हे त्यात यावे. ही वही संपादकाकडे राहील आणि दर वर्षी अद्ययावत होईल. ज्याने एखाद्या प्रकल्पात घर नोंदवले आहे त्याने त्या प्रकल्पावर लिहू नये. त्या भागातून जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गावर किंवा पुलावरही लिहू नये. हा दुसरा भाग लोक विसरतात. घराची किंमत वाढवण्याचे काम प्रकल्पाच्या बातमीपेक्षा रस्त्याची बातमी जास्त करते.

'पत्रकारांसाठी खास दर' असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. सवलतीतले घर मग ते खासगी कंपनीकडून मिळालेले असो वा एखाद्या सरकारी योजनेतून, ते नोंदवहीत आलेच पाहिजे. प्रकल्प दाखवायला नेणाऱ्या सहलींचा खर्च माध्यमाने करावा. ते शक्यच नसेल तर प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च कोणी केला ते बातमीच्या सुरुवातीलाच सांगावे.

आता जाहिरातीचे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हाच शब्द हवा, आणि तो मथळ्याच्या वर, सहज वाचता येईल अशा अक्षरात. 'विशेष सहयोग', 'उपक्रम', 'ब्रँड कनेक्ट' असल्या पाट्या वाचकाला फसवण्यासाठीच शोधलेल्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा मजकुराची अक्षरजुळणी बातमीपेक्षा वेगळी हवी आणि त्यावर बातमीदाराचे नाव कधीही नको. जाहिरात विभागाने बातमी छापण्याआधी पाहायची नाही. त्यांचा एखाद्या बातमीबद्दल फोन आला तर तो थेट संपादकाकडे जावा, आणि काय मागणी झाली याची लेखी नोंद राहावी. तोंडी दबाव सगळ्यांना आठवतो, पण वर्षभराने त्याचा पुरावा कोणाकडेच नसतो.

दुसरी पायरी: प्रेसनोट फोडून वाचा

पुढचे वाक्य मी नमुन्यादाखल तयार केले आहे, पण अशी वाक्ये या विषयाच्या प्रत्येक डेस्कवर रोज येतात: 'आमच्या नव्या गृहप्रकल्पाला खरेदीदारांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला असून पहिल्या दोन दिवसांतच नव्वद टक्के घरांची विक्री झाली आहे.'

हे वाक्य चार ठिकाणी उकलते. 'पहिले दोन दिवस' कधीपासून मोजले? जाहीर उद्घाटनाच्या आधी महिनोन् महिने एजंटांमार्फत नावे नोंदवून घेतलेली असू शकतात. 'नव्वद टक्के' कशाचे? संपूर्ण प्रकल्पाचे, की विक्रीला काढलेल्या एका इमारतीतल्या मोजक्या मजल्यांचे? 'विक्री' म्हणजे काय? परत मिळणारी टोकन रक्कम, वाटपपत्र आणि नोंदणीकृत करार या तीन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला विक्री म्हणता येत नाही. 'खरेदीदार' कोण? जमीनमालकाच्या वाट्याची घरे, एकगठ्ठा घेणारे गुंतवणूकदार आणि प्रत्यक्ष राहायला येणारी कुटुंबे यांची बेरीज करून तो आकडा झाला असेल तर तो मागणीबद्दल काहीच सांगत नाही.

हे चार प्रश्न ईमेलने विचारा, फोनवर नको. उत्तर आले तर बातमी चांगली होईल. नाही आले तर नव्वद टक्क्यांचा मथळा करण्याचा हक्क तुम्हाला उरत नाही. फार तर मजकुरात लिहा: 'नव्वद टक्के घरे विकली गेल्याचा कंपनीचा दावा आहे. विक्रीला काढलेली घरे किती होती आणि किती करारांची नोंदणी झाली, या प्रश्नांना कंपनीने उत्तर दिले नाही.' यावर कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा नाराजीचा फोन येईल. त्या फोनवर ते उत्तर पुन्हा मागा.

त्यानंतर कागद. जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, कोणता वाद न्यायालयात आहे, बांधकामाची परवानगी कितव्या मजल्यापर्यंतची आहे आणि राहायला जाण्याचा दाखला मिळाला आहे का, हे जवळपास प्रत्येक देशात कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक नोंदीत सापडते. भारतात २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार ठरावीक आकारापेक्षा मोठा प्रकल्प प्राधिकरणाकडे नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरात करता येत नाही किंवा त्यातल्या घरांचे बुकिंगच घेता येत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त घरे ही ती मर्यादा. म्हणजे नोंदणीपूर्व प्रकल्पाची कौतुकाची बातमी छापणारे माध्यम, जे काम कायद्याने बिल्डरला करू दिले नसते, ते त्याच्यासाठी फुकट करत असते. नोंदणी क्रमांक नसेल तर बातमी थांबवा, हा नियम डेस्कवर डोळे झाकून लावता येतो.

पैशाचा माग मात्र नोंदणी क्रमांकावर संपत नाही. बांधकाम पूर्ण होण्याआधीच पैसे घेतले जातात त्या बाजारात खरा प्रश्न हा असतो की घेतलेले पैसे त्याच इमारतीवर खर्च होत आहेत का. रेरामध्ये खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याची तरतूद याचसाठी आहे. चीनमध्ये एव्हरग्रँड ही महाकाय कंपनी २०२१ मध्ये कर्जफेडीत चुकली, तेव्हा तिच्यावर ३०० अब्ज डॉलरपेक्षा जास्त देणी होती. २०२२ च्या उन्हाळ्यात अनेक चिनी शहरांतल्या खरेदीदारांनी अर्धवट राहिलेल्या घरांचे हप्ते भरणे जाहीरपणे थांबवले. २०२४ च्या जानेवारीत हाँगकाँगच्या न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला. प्रकल्पाच्या बातमीत स्विमिंग पूल किती मोठा आहे याला जागा असते, तशीच कंपनीवर किती कर्ज आहे आणि तिचे आधीचे प्रकल्प वेळेत पूर्ण झाले का, यालाही असली पाहिजे.

शेवटी जागेवर जा. सोबत कंपनीचा माणूस नसलेली एक फेरी झालीच पाहिजे, शक्यतो कामाच्या दिवशी, कामगार कामावर असताना.

तिसरी पायरी: आकडा छापण्याआधी त्याला प्रश्न विचारा

या विषयात सर्वांत जास्त दिशाभूल खोट्या आकड्यांनी होत नाही. खऱ्या आकड्यांचा अर्थ चुकीचा लावल्याने होते. एक छोटा हिशेब कागदावर करून पाहा. एका भागात तीन प्रकारची घरे आहेत: लहान घराची किंमत ४०, मध्यम घराची ६०, मोठ्याची १००. चलन कोणतेही धरा. मागच्या महिन्यात पाच घरे विकली गेली: तीन लहान, एक मध्यम, एक मोठे. सरासरी आली ५६. या महिन्यात कर्ज महागले, लहान घर घेणारे मागे हटले आणि विकल्या गेलेल्या पाच घरांत एक लहान, दोन मध्यम आणि दोन मोठी होती. सरासरी आली ७२. मथळा तयार होतो: 'घरांच्या किमतीत महिन्याभरात २९ टक्क्यांची उसळी.' प्रत्यक्षात एकाही घराची किंमत एका पैशानेही वाढलेली नाही. उलट सामान्य माणूस बाजारातून बाहेर फेकला गेला, आणि ती खरी बातमी होती.

सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे किमती चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारी किंमत वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चांगला आहे, कारण एखादा अवाढव्य बंगला सरासरीला ओढतो तसा मध्यकाला ओढू शकत नाही. पण वरच्या उदाहरणात मध्यक ४० वरून ६० वर, म्हणजे दीडपट झाला आहे. विकल्या जाणाऱ्या घरांचे मिश्रण बदलले की मध्यकही फसवतो. यावर उपाय म्हणून अर्थतज्ज्ञ कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी तेच घर पूर्वी कितीला विकले गेले आणि आता कितीला गेले, याची तुलना करणारी पद्धत रूढ केली. त्यांच्या नावाचा अमेरिकी निर्देशांक आजही त्याच पद्धतीने निघतो. त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तो तीन महिन्यांची चलसरासरी, म्हणजे दर महिन्याला पुढे सरकणारी तीन महिन्यांची सरासरी देतो आणि दोन महिने उशिरा जाहीर होतो. मार्चअखेर आलेल्या आकड्यात नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीचे व्यवहार असतात. त्याच्या जोरावर 'या महिन्यात बाजार तेजीत' असे लिहिणे चूक आहे.

ब्रिटनमध्ये हा गुंता अजून स्पष्ट दिसतो. राइटमूव्ह हे संकेतस्थळ देते ती विक्रेत्यांनी मागितलेली किंमत. नेशनवाइड आणि हॅलिफॅक्स या कर्जसंस्थांचे निर्देशांक त्यांनी स्वतः मंजूर केलेल्या गृहकर्जांवरून निघतात, म्हणजे रोख पैसे देऊन घर घेणारे त्यात नसतात. सरकारी निर्देशांकात नोंदणी झालेले प्रत्यक्ष व्यवहार येतात, रोखीचेही, पण ते उशिरा. एकाच महिन्यात हे आकडे वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात आणि तरी कोणीही खोटे बोललेले नसते. म्हणून किमतीच्या प्रत्येक आकड्याबरोबर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय पान सोडू नका: हा आकडा मागितलेल्या किमतीचा आहे, कर्जमंजुरीचा की नोंदवलेल्या व्यवहाराचा, तो कोणत्या काळातला आहे, आणि तो काढणाऱ्याचा धंदा काय आहे.

क्षेत्रफळाचीही तीच कथा. भिंतींच्या आतली वापरायची जागा आणि जिना, लॉबी, लिफ्ट यांचा वाटा धरून फुगवलेली जागा यांत खूप अंतर पडते. दर चौरस फुटाचा भाव पहिल्या हिशेबाने एक येतो आणि दुसऱ्याने बराच कमी. दोन प्रकल्पांची तुलना करताना दोन्हींचे क्षेत्र एकाच मापाने मोजले आहे याची खात्री करा. भारतात रेराने कार्पेट एरियाची, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेची कायदेशीर व्याख्या दिली आहे, तीच वापरावी. 'परवडणारे घर' हे विशेषण कोणाच्या उत्पन्नाला परवडणारे ते सांगितल्याशिवाय लिहू नये. दहा वर्षांत किंमत दुप्पट झाली असे सांगताना त्याच काळातली महागाई शेजारी ठेवावी. भाववाढीची बातमी 'आनंदाची बातमी' म्हणून देऊ नये. ज्याच्याकडे घर नाही तोही आपला वाचकच आहे.

चौथी पायरी: तज्ज्ञाची ओळख पूर्ण द्या

अमेरिकेतला घरबाजार २००६ मध्ये शिखरावर होता. त्या वर्षांत बातम्यांमध्ये सतत दिसणारे एक तज्ज्ञ होते एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेचे मुख्य अर्थतज्ज्ञ. त्यांचे पद बातम्यांत छापले जाई. पण ज्या संघटनेच्या सभासदांचे उत्पन्न घरे विकली जाण्यावर अवलंबून आहे तिचा पगार ते घेतात, हा त्या पदाचा अर्थ क्वचितच सांगितला जाई. दोन वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, गृहकर्जांच्या संकटात लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली.

अशा माणसाला उद्धृत करू नका, असे मी म्हणत नाही. त्याला बाजार आतून माहीत असतो. पण नाव आणि पदनामाबरोबर संस्था कोणासाठी काम करते ते अर्ध्या वाक्यात लिहा: 'बिल्डरांना सल्ला देणाऱ्या अमुक संस्थेचे संचालक'. त्याच बातमीत विक्रीवर पोट नसलेला एक तरी आवाज हवा. विद्यापीठातले नागरी अर्थशास्त्राचे अभ्यासक, भाडेकरू संघटना, कर्जबुडीत कुटुंबांना सल्ला देणारे वकील किंवा सरकारी आकडेवारी गोळा करणारे संख्याशास्त्रज्ञ असे लोक शोधावे लागतात. ते स्वतःहून प्रेसनोट पाठवत नाहीत. त्यांची यादी आधीपासून तयार ठेवा, कारण संध्याकाळी सात वाजता शोधायला बसलात तर पुन्हा तोच एजंट फोन उचलेल. आणि तज्ज्ञाने भाकीत केले तर त्याची तारीख घालून नोंद ठेवा. पुढच्या वेळी त्याला बोलते करण्याआधी मागचे भाकीत काढून पाहा.

पाचवी पायरी: जिथे लोक राहतात तिथून बातमी आणा

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला १४ जून २०१७ च्या पहाटे आग लागली आणि ७२ जणांचा जीव गेला. इमारतीतल्या रहिवाशांच्या गटाने २०१६ च्या नोव्हेंबरमध्येच जाहीरपणे लिहिले होते की आमचे व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेचा बेफिकीरपणा एखाद्या भीषण दुर्घटनेनंतरच उघड होईल. त्याच शहरात २००९ मध्ये लाकानल हाउसच्या आगीत सहा जण दगावले होते. म्हणजे धोका माहीत होता, तक्रार लिहिलेली होती, तक्रार करणारे त्याच पत्त्यावर राहत होते. मोठ्या वृत्तपत्रांतून मात्र ही तक्रार त्या पहाटेपर्यंत लोकांसमोर आली नाही. मला हे उदाहरण या व्यवसायातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे वाटते. मालमत्तेच्या पुरवणीत नव्या इमारतींना पानेच्या पाने मिळतात, आणि ज्यांत लोक आज राहत आहेत त्या जुन्या इमारतींची तक्रार शहर पानाच्या कोपऱ्यातही येत नाही.

रहिवाशांची तक्रार आली की तिच्यावर तपासाची तीच प्रक्रिया लावा जी बिल्डरच्या दाव्यावर लावता. एका माणसाचे ऐकून थांबू नका, वेगवेगळ्या मजल्यांवरच्या लोकांशी बोला. त्यांनी केलेले अर्ज, त्यावरचे शिक्के, मिळालेली उत्तरे पाहायला मागा. बिघडलेली गोष्ट स्वतः पाहा. गळती असेल तर भिंतीला हात लावा, अग्निशमन नळीत पाणी येत नाही असे सांगितले तर कोणासमोर आणि कधी तपासले ते विचारा, उद्वाहन बंद असेल तर जिने चढून वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला तो खाली कधी उतरला ते विचारा.

बोलणाऱ्याची सुरक्षितता ही यातली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. भाडेकरूने घरमालकाबद्दल काही सांगितले आणि त्याचे नाव छापून आले, तर त्याची किंमत त्याला घर गमावून मोजावी लागू शकते. बोलण्याआधी त्याला हे स्पष्ट समजावून सांगा. 'नाव छापू का?' एवढे विचारून भागत नाही. नाव न छापताही तो ओळखू येईल का, याचा विचार तुम्ही करायचा असतो. तीन भाडेकरू असलेल्या इमारतीत 'एका भाडेकरूने सांगितले' याने काही लपत नाही. घराचा दरवाजा, खिडकीतून दिसणारे दृश्य, मुलाचा शाळेचा गणवेश यांवरून पत्ता कळतो, तेव्हा छायाचित्रकारालाही ही सूचना द्या. नाव लपवले तर का लपवले ते वाचकाला सांगा, आणि खरे नाव संपादकाला माहीत असू द्या.

घर रिकामे करण्याच्या कारवाईच्या बातमीत वेग आणि आवाज खूप असतो. बुलडोझर, पोलीस, रडणारी माणसे. तिथे तीन गोष्टी विचारल्याशिवाय परत येऊ नका: नोटीस कधी आणि कोणत्या भाषेत दिली, न्यायालयाचा काही आदेश होता का, आणि आज रात्री ही माणसे कुठे झोपणार. रस्त्यावर पडलेल्या सामानात उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे टिपू नका. 'अनधिकृत' हा शब्द कोणत्या कार्यालयाने कोणत्या आधारावर लावला ते लिहा. तो बातमीदाराने आपल्या पदरचा लावायचा नसतो.

सहावी पायरी: घर नाकारले जाते तेव्हा

घरांच्या बाजारातला भेदभाव फार क्वचित उघड बोलला जातो. 'ते घर आत्ताच गेले' या वाक्यामागे तो लपतो. तो सिद्ध करायला दोन वाटा आहेत आणि दोन्हींची उत्तम उदाहरणे आहेत.

पहिली वाट नोंदींची. अमेरिकेत बँकांना गृहकर्जांची माहिती उघड करायला लावणारा कायदा १९७५ मध्ये झाला. बिल डेडमन यांनी अटलांटातील बँकांच्या कर्जवाटपाचे आकडे तपासून १९८८ मध्ये तिथल्या वृत्तपत्रात मालिका लिहिली. तेवढ्याच उत्पन्नाच्या कृष्णवर्णीयांच्या तुलनेत गोऱ्यांना पाचपट गृहकर्जे मिळत होती, हे त्यांनी दाखवून दिले. मालिकेला १९८९ चे पुलित्झर हे पत्रकारितेचे पारितोषिक मिळाले. कोणाचाही लपून फोटो काढावा लागला नाही.

दुसरी वाट प्रत्यक्ष चाचणीची. 'न्यूजडे' या वृत्तपत्राने लाँग आयलंडवर तीन वर्षे काम करून २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शोधमालिका छापली. प्रशिक्षण दिलेले २५ जण जोड्या करून ग्राहक म्हणून एजंटांकडे गेले. आर्थिक स्थिती सारखी, मागणी सारखी, फक्त वंश वेगळा. ९३ एजंटांसोबतच्या भेटींचे सुमारे २४० तासांचे गुप्त चित्रीकरण झाले. कृष्णवर्णीय चाचणीकर्त्यांना ४९ टक्के चाचण्यांत वेगळी वागणूक मिळाल्याचे दिसले. इथे फसवणूक झाली का? हो, एजंटांना खरे सांगितले नव्हते. ती समर्थनीय का ठरते, हे समजून घ्यायला हवे. विषय लोकहिताचा होता, दुसऱ्या मार्गाने पुरावा मिळणार नव्हता, पद्धत आधी ठरवून लिहून काढलेली होती, निष्कर्ष बाहेरच्या अभ्यासकांकडून तपासून घेतले होते आणि छापण्याआधी एजंटांना उत्तराची संधी दिली होती. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर छुपा कॅमेरा घरी ठेवा. चित्रीकरणाबद्दल स्थानिक कायदा काय म्हणतो ते वकिलाकडून आधी विचारून घ्या.

हे तपासताना आपल्याच छोट्या जाहिरातींचे पान उघडा. अमेरिकेच्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने भेदभाव करणारी घराची जाहिरात देण्याबरोबरच ती छापण्यालाही मनाई केली. 'द न्यूयॉर्क टाइम्स'विरुद्धच्या एका खटल्यात १९९१ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने वृत्तपत्रही त्यात जबाबदार धरले जाऊ शकते असे म्हटले. तक्रार होती ती घरांच्या जाहिरातींमधल्या मॉडेल्सचे चेहरे वर्षानुवर्षे जवळजवळ सगळे गोरेच असल्याची. धर्म, जात, वंश, आहार किंवा लग्न झालेले नसणे यावरून माणसे गाळणारी ओळ जिथे दिसेल तिथे ती जाहिरात परत पाठवावी. कायदा तसे सांगतो की नाही, याची वाट पाहू नये.

सातवी पायरी: चित्र खरे आहे का

संगणकावर तयार केलेल्या इमारतीच्या चित्राखाली 'संकल्पचित्र' असे चित्रातच लिहा, ओळीत कुठेतरी लपवून नको. रिकाम्या खोलीत सॉफ्टवेअरने ठेवलेले फर्निचर, पुसून टाकलेली विजेची तार, हिरवे केलेले मैदान असे काही असलेला फोटो बातमीसोबत वापरू नये. शक्य तितक्या वेळा आपल्या छायाचित्रकाराचा आजचा फोटो घ्या.

आठवी पायरी: उत्तराची संधी, दुरुस्ती आणि वकिलाची नोटीस

ज्याच्यावर आरोप आहे त्याला प्रत्येक आरोप वेगळा लिहून, उत्तरासाठी पुरेसा वेळ देऊन कळवा. रात्री आठला ईमेल आणि दहाला छपाई, याला संधी म्हणत नाहीत. आलेले उत्तर सगळ्यात शेवटच्या परिच्छेदात टाकू नका, आरोपाच्या जवळच ठेवा. मुलाखत द्यायला तयार झालेल्याने 'छापण्याआधी दाखवा' म्हटले तर तांत्रिक तपशील आणि त्याचे स्वतःचे उद्गार तपासून घ्यायला हरकत नाही. पूर्ण बातमी दाखवू नये.

मोठ्या बिल्डरविरुद्धच्या बातमीवर मानहानीची नोटीस येते तेव्हा घाबरून बातमी काढून टाकणे आणि रागाने अजून एक बातमी चढवणे, दोन्ही टाळा. नोटिशीतला प्रत्येक मुद्दा कागदांशी ताडून पाहा. चूक असेल तर लगेच सुधारा. नसेल तर टिपणे, ईमेल आणि ध्वनिमुद्रणे वकिलाकडे द्या आणि बातमी जागेवर राहू द्या. हे कागद बातमीच्या दिवसापासून जपून ठेवलेले असतील तरच ते शक्य होते.

दुरुस्ती करताना काय चुकले होते आणि काय बरोबर आहे, दोन्ही सांगा. ऑनलाइन मजकूर गुपचूप बदलू नका. मालमत्तेच्या बातमीत चुकीच्या आकड्यावर कोणी आधीच सही केलेली असू शकते, म्हणून दुरुस्ती बातमीच्या वरच्या भागात आणि तारखेसह हवी.

नववी पायरी: ताब्याची तारीख लिहून ठेवा

प्रकल्पाची बातमी छापली त्याच दिवशी, ताबा देण्याची जी तारीख कंपनीने सांगितली ती डेस्कच्या वहीत लिहा. शेजारी कबूल केलेल्या सोयी लिहा: शाळा, बाग, पाण्याची जोडणी, बसची फेरी. सरकारी गृहयोजना जाहीर झाली तर घरांची संख्या आणि मुदत लिहा. ती तारीख उजाडली की बातमीदाराला तिथे पाठवा, मग बातमी मागितलेली असो वा नसो. किती घरांत दिवे लागले आहेत, किती कुटुंबे अजून भाडे आणि हप्ता दोन्ही भरत आहेत, राहायला गेलेल्यांच्या नळाला पाणी येते का, हे पाहून लिहा. जुनी बातमी ज्या पानावर आणि जेवढ्या जागेत छापली होती, त्याच पानावर तेवढीच जागा या बातमीलाही द्या.